एका चित्रासाठी एक गाव: कलासंग्रहालयं बघत फिरण्याचा छंद

आजोळी, सावंतवाडीजवळ, माजघरात एक तसबीर होती. कॅलेंडरचं पान कापून काचेत घातलेलं. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योत विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरलेला, आणि त्या बोटांमधून गाळून आलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर. घरात सगळे म्हणायचे, "रविवर्म्याचं चित्र." मीही तेच म्हणत आले. पुढे कधीतरी कळलं की हे चित्र रविवर्म्याचं नाही, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. हळदणकर जन्मले सावंतवाडीतच, १८८२ साली. आपल्या मुलीला समोर उभं करून त्यांनी ते काढलं, तेही तैलरंगात नाही तर जलरंगात. मूळ चित्र मात्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात. म्हणजे आमच्याच गावच्या माणसाचं चित्र बघायला मला कर्नाटक पार करायला हवं होतं.

ते बघायला गेले, आणि तिथून हा छंद लागला. आता वर्षाला दोन फेऱ्या ठरलेल्या असतात, एक लांबची आणि एक जवळची. ओळखीपाळखीचे विचारतात, की तुला चित्रातलं कळतं का? शास्त्र म्हणून फारसं नाही. चित्रकलेत शाळेत मला कायम काठावरचे गुण असायचे. पण प्रवास कसा आखायचा, दारात गेल्यावर पाय कुठे वळवायचे आणि दोन तासांत थकून न जाता काय बघायचं, हे चुका करत शिकले आहे. तेवढं सांगते.

आधी चित्र, मग गाव

बहुतेकांचं उलटं होतं. हैदराबादला गेलोच आहोत तर सालारजंग करून टाकू, दिल्लीला आहोत तर राष्ट्रीय संग्रहालय उरकू. 'करून टाकू' आणि 'उरकू' या क्रियापदांनीच घात होतो. चाळीस दालनं, तीन तास, मग पाय दुखतात, मुलं रडतात आणि आठवतं ते फक्त कँटीन.

म्हणून पहिली पायरी घरीच. एक कलाकृती निवडायची. एकच. ती लहानपणापासून बघत आलेली असेल तर उत्तम: कॅलेंडरवरची, पाठ्यपुस्तकातली, आजीच्या देवघरातली. नोंदवहीच्या पानावर चार गोष्टी लिहायच्या: कोणाची, कशात केलेली, केवढी, सध्या कुठे आहे.

'केवढी' हे फार महत्त्वाचं. मोबाइलच्या पडद्यावर सगळी चित्रं तळहाताएवढी असतात. मी लांबी-रुंदी शोधून काढते आणि घरातल्या भिंतीवर कागदी चिकटपट्टीनं तेवढा चौकोन करते. आठवडाभर तो तिथेच असतो. एकदा तो चौकोन वहीच्या पानाएवढा निघाला आणि एकदा दिवाणखान्याच्या भिंतीत मावेना. दोन्ही वेळा प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांची तयारी झालेली होती. घरचे हसतात, हसू द्यावं.

चित्र सुचत नसेल तर आपल्याकडच्यांसाठी सोपी सुरुवात रविवर्म्यापासून. त्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. छापील चित्र आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. मूळ तैलचित्र किती जणांनी?

फोन करा, संकेतस्थळावर विसंबू नका

ही पायरी मी वगळली होती आणि तिची किंमत मोजली. एका लांबच्या शहरात, रात्रभर प्रवास करून, सकाळी दहाला फाटकाशी उभी राहिले तर कुलूप. साप्ताहिक सुट्टी. चूक माझीच, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. पहारेकऱ्यानं सहानुभूतीनं चहा पाजला, तेवढंच पदरात.

वारांचं गणित असं आहे. देशातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात: दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, दिल्ली-मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या शाखा, कोलकात्याचं भारतीय संग्रहालय. पण सोमवार सोडला की सुटलो असं नाही. हैदराबादचं सालारजंग आणि चेन्नईचं एग्मोरचं सरकारी संग्रहालय शुक्रवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, शेजारच्या राणीच्या बागेसारखंच. तिरुवनंतपुरमला सोमवार तर बंदच, शिवाय बुधवारी सकाळीही दार उघडत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र आठवड्याचे सातही दिवस चालू असतं, राष्ट्रीय सुट्ट्यांचे मोजके दिवस सोडून. म्हणून दोन गावं जोडायची असली की मी आधी वार मांडते, मग गाड्या बघते. चेन्नई शुक्रवारी पदरात पडली तर काय, मरिनावर वारा खायचा.

फोन कामाच्या दिवशी साधारण अकरा-साडेअकराला करावा. उघडताना गडबड असते, दुपारी जेवण. तीनच प्रश्न विचारायचे. अमुक तारखेला उघडं आहे ना? अमुक दालन चालू आहे ना, डागडुजी वगैरे काही? आणि ते अमुक चित्र सध्या भिंतीवर आहे ना?

तिसरा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. असं कोणी विचारत नाही. पण विचारावं, कारण संग्रहातलं सगळं कधीच मांडलेलं नसतं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. वीस हजारांच्या घरात वस्तू, आणि दालनांत त्यातला लहानसा भाग. बाकी पेट्यांत. चित्रं तर उसनी जातात, दुरुस्तीला जातात, कागदावरची असतील तर उजेडानं फिकी पडू नयेत म्हणून मुद्दाम विश्रांतीला ठेवतात. एकदा फोनवरच्या बाईंनी "थांबा, बघून येते" म्हणून खरंच दालनात जाऊन बघितलं आणि "आहे हो, या!" असं सांगितलं. त्या फेरीला मला निम्मा आनंद त्या वाक्यानंच मिळाला.

पहिली फेरी औंधला काढा

महाराष्ट्रातल्या माणसानं हा छंद सुरू करायचा तर माझं मत औंध. मुंबई नाही, दिल्ली नाही. कारण मोठ्या शहरात संग्रहालय हा दिवसाचा एक तुकडा असतो, औंधला तो अख्खा दिवस असतो.

आधी एक सावधगिरी. नकाशात नुसतं 'औंध' टाकलंत तर पुण्याच्या उपनगरात जाऊन पोचाल. आपल्याला हवं ते औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा. साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर रहिमतपूर स्टेशन, तिथून पुढे एस.टी. किंवा वडाप. साताऱ्याच्या स्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून तर हा प्रवास आणखीच स्वस्त झाला आहे.

गावाच्या डोंगरावर मूळपीठाची यमाई, आणि त्याच डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय. १९३८ साली औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभं केलं. बाळासाहेब म्हटलं की लोकांना सूर्यनमस्कार आठवतात. पण हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला पैसे द्यायचा, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान द्यायचा. १९३९ साली तर त्यानं आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटनाच आणली. संस्थान लहान, महसूल बेताचा. तरी चित्रांवर पैसे खर्चले. आत गेल्यावर हे डोक्यात असलं की भिंतींकडे बघण्याची नजर बदलते: हे एका माणसानं, आपल्या आवडीनं, एकेक करून जमवलेलं आहे.

आत काय बघायचं? रविवर्म्याची मूळ चित्रं. कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रं. किरात (म्हणजे शिकाऱ्याच्या वेषातले शंकर) आणि अर्जुनाच्या युद्धावरची पहाडी लघुचित्रं. हस्तिदंत आणि चंदनावरचं कोरीवकाम. आणि हेन्री मूर यांचं 'माता आणि मूल' हे शिल्प. हो, तेच हेन्री मूर, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक. खटाव तालुक्यात. मी त्या शिल्पासमोर उभी असताना शाळेची सहल आली, मुलं त्याला वळसा घालून तलवारींकडे पळाली. मला बरंच वाटलं, निवांतपणा मिळाला.

औंधला माझा क्रम असा असतो. सकाळी लवकरची गाडी धरून उघडण्याच्या वेळेला दारात. इथे दिवसाच्या उजेडाचा आधार मोठा, म्हणून सकाळ आणि स्वच्छ हवा हवी. पावसाळ्यातला अंधारलेला दिवस टाळावा. आत जाताच ठरवलेल्या एकाच कलाकृतीपाशी जायचं. मग बाहेर येऊन डोंगरावर यमाईचं दर्शन, डबा. ऊन कलल्यावर पुन्हा आत, आता बाकीचं. दुसऱ्यांदा आत जाऊ द्याल ना, हे तिकीट काढतानाच खिडकीवर विचारून घ्यायचं. सहसा नाही म्हणत नाहीत, पण न विचारता गृहीत धरू नये.

समोर उभं राहिल्यावर

आता मुख्य काम. याला वेळ देते, कारण बाकी सगळी पायपीट याच्यासाठीच.

दारातून आत गेल्यावर सगळं बघत बघत आपल्या चित्रापर्यंत पोचायचं नाही. तोवर डोळे भरून जातात. पहिल्या माणसाला विचारायचं, "अमुक कुठे आहे?" आणि नाकासमोर तिथे चालत जायचं. वाटेतल्या नटराजाला परत येताना नमस्कार करता येतो.

पोचल्यावर पाटी वाचायची नाही. हे अवघड आहे, माझी मान अजूनही आपोआप पाटीकडे वळते. पण आधी वाचलं की आपण चित्रात तेच शोधत बसतो. पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग तीन अंतरांवरून. आधी इतकं लांब की चौकट आणि भिंत दोन्ही दिसावीत. तिथून डोळे किंचित मिटून बघितलं की उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच उरतं, आणि चित्रकारानं आपल्याला कुठे बघायला लावलंय ते कळतं. मग चित्राच्या उंचीच्या दीडपट अंतरावर, तिथून आकृती नीट दिसतात. शेवटी दोरीच्या अलीकडे जितकं जवळ जाता येईल तितकं, हात पाठीमागे बांधून. हात मागे बांधले की रखवालदारही निर्धास्त होतो.

जवळून काय दिसतं? तैलचित्रात रंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा, जरीचा काठ म्हणजे प्रत्यक्षात चारदोन पिवळे ठिपके. जलरंगात उलटं. तिथे सर्वांत उजळ जागा बहुतेक वेळा रंगानं केलेली नसते, ती कोरी ठेवलेली, किंवा अगदी पातळ रंगाखालून डोकावणारी, कागदाची पांढरी असते. हळदणकरांच्या त्या चित्रासमोर मला हेच पहिल्यांदा उमगलं. दिव्याचा उजेड त्यांनी ओतलेला नव्हता, राखलेला होता. चूक झाली तर तैलरंगात वरून थर देता येतो, जलरंगात कागद वाया. हे डोक्यात आल्यावर त्या बोटांकडे बघताना माझा श्वास जरा अडकलाच.

काचेतलं चित्र असेल तर खिडकीचं प्रतिबिंब आड येतं. समोर उभं न राहता एका बाजूला दोन पावलं सरकायचं, गुडघ्यात थोडं वाकायचं, प्रतिबिंब निघून जातं. गडद रंगाचा कुर्ता घातला तर काचेत आपलंच प्रतिबिंब कमी पडतं. ही युक्ती मला एका छायाचित्रकारानं सांगितली.

मग वही. वहीत मत लिहायचं नाही, 'सुंदर' वगैरे तर मुळीच नाही. दिसतं ते लिहायचं: डावीकडे खांब, खांबावर वेल, बाईची नजर चौकटीबाहेर, पायात जोडवी आहेत, तोडे नाहीत. असं लिहिताना डोळा आपोआप कोपऱ्यांत जातो. चित्र काढता येत नसलं तरी ओबडधोबड रेखाटन करा. माझ्या रेखाटनांतली माणसं बटाट्याच्या पोत्यांसारखी दिसतात, पण कोण कोणाकडे बघतंय हे त्यात बरोबर पकडलेलं असतं.

सगळ्यांत शेवटी पाटी. तिथल्या शब्दांनी घाबरू नका. 'अपारदर्शक जलरंग' म्हणजे पांढरा मिसळून दाट केलेला जलरंग, आपली बहुतेक जुनी लघुचित्रं त्यातली. 'प्राप्ती क्रमांक' किंवा नुसते आकडे असतील तर तो त्या वस्तूचा संग्रहालयाच्या नोंदवहीतला क्रमांक. तो उतरवून घ्यावा. पुढे पत्र लिहून काही विचारायचं झालं तर तो कामाला येतो.

लघुचित्रांसाठी वेगळा मंत्र. ती दालनं मुद्दाम अंधुक ठेवतात, कागदावरच्या रंगांसाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवण्याची पद्धत जगभर आहे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला सुरुवातीला काही दिसत नाही आणि तो "लाइट नाहीत का?" म्हणून निघून जातो. चार-पाच मिनिटं बाकावर बसा, डोळे सरावतात. सोबत छोटं भिंग असू द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या चित्रशाळेतल्या 'अन्वार-इ-सुहैली'ची, म्हणजे पंचतंत्राच्या फारसी रूपाची, पानं आहेत. भिंगातून बघितलं की प्राण्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतो.

एका चित्रापाशी वीस-पंचवीस मिनिटं झाली की पुरे. मग आसपासचं एखादं दालन. एकूण दोन तास, फार तर अडीच. त्यापुढे जे बघतो ते डोळ्यांतून जातं, आत उतरत नाही.

झोळीत काय

मोठी पाठपिशवी नेऊ नका, ती ठेवून घेतात आणि परत घेताना रांग लागते. खांद्याला अडकवायची लहान पिशवी पुरते. तिच्यात वही, शिसपेन्सिल (शाईचं पेन काही ठिकाणी चालत नाही), भिंग, वातानुकूलित दालनांसाठी पातळ शाल, आणि सुट्टे पैसे. राजवाड्यांत चित्रं फार उंच टांगलेली असतात, तिथे पक्षी बघायची छोटी दुर्बीण अतिशय उपयोगी. लोक वळून बघतात, बघू देत. चपला आवाज न करणाऱ्या.

फोटोचं प्रत्येक ठिकाणी निराळं. कुठे मोबाइलला वेगळं तिकीट, कुठे पूर्ण बंदी. फ्लॅश मात्र कुठेच नको: उजेडानं होणारं रंगांचं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. मी एकच फोटो काढते, पाटीचा. चित्राचा चांगला फोटो बहुधा आधीच कुठेतरी उपलब्ध असतो.

दुसरी पायरी: दोन दिवस बडोद्याला

औंध झालं, गोडी लागली, की बडोदं. मुंबईहून रेल्वेनं पाच-सहा तास. शुक्रवारी रात्री निघून शनिवार-रविवार तिथे काढायचे, सोमवार टाळायचा.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले आणि त्यांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करवून घेतली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय म्हणजे रविवर्म्याच्या मूळ चित्रांचं मोठं घर. शनिवारची सकाळ फक्त इथे. राजवाड्याचं तिकीट निराळं असतं. आधी संग्रहालय, मग राजवाडा. उलटं केलंत तर दरबार हॉलच्या झगमगाटानंतर चित्रं फिकी वाटतील.

इथे एक खेळ करा. घरातून निघताना छापील सरस्वतीचा किंवा लक्ष्मीचा फोटो मोबाइलवर घ्या आणि मूळ तैलचित्राशेजारी धरून बघा. छपाईत त्वचेचा रंग सपाट झालेला दिसेल, साडीच्या चुण्यांतली सावली हरवलेली. देव्हाऱ्यातली देवी छपाईनं सगळ्यांपर्यंत पोचली खरी, पण पोचताना काय काय गळलं ते इथे समोरासमोर कळतं. 'शंतनू आणि मत्स्यगंधा'समोर थांबा. राजा विनवतोय आणि ती... बघा तुम्हीच.

शनिवारी दुपारी सेव-उसळ खाऊन झोप काढावी. खरंच. संध्याकाळी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा गाठा, आणि तो उघडा असायची वेळ आधी विचारून ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणांचा हा वाडा, भिंतींवर मराठा शैलीतली चित्रं आहेत. पुराणकथा आहेतच, पण साहेब-मडमाही आहेत. रविवर्म्याच्या अगदी आधीची पिढी भिंतीवर काय काढत होती, ते बघून त्याच सकाळचं चित्र नव्यानं समजतं.

रविवारी सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय आणि चित्रदालन. युरोपीय तैलचित्रं, बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेली जैन कांस्यशिल्पं, शिवाय एक इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा. सोबत मुलं असतील तर त्यांना देवमाशाकडे सोडा, तुम्ही कांस्यशिल्पांकडे. तिथून कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, जिथे नंदलाल बोस यांनी चार भिंती रंगवल्या आहेत: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (टागोरांचं नाटक) आणि महाभारताचं युद्ध. रविवर्म्याच्या मांसल, तेलकट उजेडानंतर बोसांची रेषा पाण्यासारखी वाटते. दांडिया बाजारात चहा पिताना शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आली तर दचकू नका.

मुंबई: जवळचं असून अवघड

काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि आधुनिक कला संग्रहालय ही तिन्ही दहा मिनिटांच्या पायवाटेत आहेत. हाच सापळा. तिन्ही एका दिवसात करायला जाऊ नका. मोठं एक घ्या आणि जोडीला जहांगीर. १९५२ पासून चालू असलेल्या जहांगीरला तिकीट नाही, प्रदर्शनं साधारणपणे मंगळवारी बदलतात, आणि अनेकदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. त्याच्याशी बोला. "हे काय आहे?" ऐवजी "हा रंग कशानं लावलात?" असं विचारलं की गप्पा रंगतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी वेगळा दिवस ठेवा. १८७२ साली उघडलेली ती वास्तू हीच तिथली पहिली कलाकृती.

सोबत कोण

एकट्यानं जाणं उत्तम, पण नेहमी जमत नाही. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना शोधायला काहीतरी द्या: या दालनात किती पोपट आहेत? कोणाच्या पायात चपला आहेत? पोपट मोजणारं मूल मोठ्यांपेक्षा नीट बघतं. चाळीस मिनिटांनी मात्र बाहेर, तक्रार यायच्या आधी. आई-वडिलांना नेताना लिफ्ट, बाक आणि चाकाची खुर्ची यांची फोनवरच चौकशी करा. बाक असलेलं दालन त्यांचं, बाकीचं तुमचं. आणि नवरा किंवा मित्र कंटाळणारा असेल तर फाटकातच वेळ ठरवून वेगळं व्हा. आमच्या घरात यावर एकमत व्हायला तीन गावं लागली.

परदेशी जाणार असाल तर

नियम तेच, फक्त आगाऊ तयारी जास्त. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाला ऑनलाइन, ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, दारात मिळत नाही. माद्रिदच्या प्रादोत शेवटचे दोन तास फुकट असतात. एकच चित्र बघायचं ठरवलेल्या माणसाला तेवढे भरपूर, पण रांगेत लवकर उभं राहावं लागतं.

लंडनला मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्यांसाठी एक खास चित्र सुचवते. १८७२ पासून पुढची काही वर्षं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्या लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत पुष्कळ जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. तिथल्या कायम संग्रहाला तिकीट नाही. पण या प्रती सहसा भिंतीवर नसतात, साठवणीत असतात. तेव्हा महिनाभर आधी ईमेल करून त्या बघायला मिळतील का ते विचारा. पोरांच्या घरी दुपारी टीव्ही बघत बसण्यापेक्षा बरं, आणि अजिंठा आधी बघून गेलात तर फारच बरं.

परत आल्यावर

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, वहीत एक पान. चित्र डोळ्यांसमोर आणून आठवेल ते लिहायचं, मग सकाळच्या नोंदींशी ताडून बघायचं. गंमत म्हणजे आठवणीत दिव्याचा हात बदललेला असतो, साडीचा रंग भलताच झालेला असतो. तिकिटाचा तुकडा त्या पानावर चिकटवा, मागे खर्च लिहा: गाडी, खोली, जेवण, तिकीट. माझ्या वह्यांत तिकिटाचा आकडा कायम सगळ्यांत लहान असतो, चहाचा त्याच्या वर.

विक्री-खिडकीवर पोस्टकार्डं असतील तर आपल्या चित्राचं एक घ्या. मैसूरहून मी दोन छापील प्रती आणल्या. एक वहीत आहे. दुसरी आजोळी पाठवली, मागे चित्रकाराचं नाव आणि गाव लिहून. मामानं जुनी तसबीर उतरवली नाही, पण काचेच्या खाली कोपऱ्यात एक चिठ्ठी डकवली आहे: 'हळदणकर, सावंतवाडी.'